भरून ठेवलेला हात

“पळवलात तर तापंल, निजवलात तर अडकंल.” कुणी तिच्यापुढे फोन धरून ‘हा हल्ली फार हळू झालाय’ म्हटलं, की ती आधी हे म्हणायची आणि मग फोन हातात घ्यायची.

रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या आमच्या घराची खालची खोली मी तिला भाड्याने दिली होती. पेणच्या खाडीकडच्या गावातली, तिशीतली, एकटी. आईवडील मिठागरात राबलेले. ही कॉम्प्युटर शिकली आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करू लागली. ते काम काय, हे मला समजायला वेळ लागला. कंपनीचं ॲप स्वस्तातल्या फोनवरही सुरळीत चाललं पाहिजे आणि बॅटरीही टिकली पाहिजे. फोनचा प्रोसेसर जोरात पळवला तर ॲप झरझर उघडतं, पण फोन तापतो, चार्जिंग उतरतं. त्याचा वेग कमी केला तर चार्जिंग पुरतं, पण बोट फिरवलं की स्क्रीन अडखळते. या दोन्हींच्या मधली जागा ती शोधायची.

एका दुपारी मी वालाच्या बिरड्याची वाटी घेऊन खाली गेले. दार नुसतं लोटलेलं. आत कुणी नव्हतं. भिंतीवरच्या फळीवर ओळीने फोन उभे होते आणि सगळे चालू होते. प्रत्येकावर एक यादी वर सरकली, थांबली, पुन्हा जराशी सरकली. मग एक चौकट उघडली आणि तिच्यात एकेक अक्षर उमटू लागलं. ‘जेवलीस गो?’ काही फोन चटकन लिहून मोकळे झाले, काही मागे रेंगाळले. रिकाम्या खोलीत तोच प्रश्न सगळीकडून मलाच विचारल्यासारखा. वाटी घेऊन मी तशीच उभी राहिले.

“घाबरलात काकी? मीच हाय ती.” ती वाळलेले कपडे घेऊन मागच्या दाराने आली. सगळ्या फोनांची परीक्षा सारखी व्हायला हवी, म्हणून प्रत्येकावर बोट अगदी सारखं फिरावं लागतं. तिने आपलं बोट एकदा फिरवून त्याचं रेकॉर्डिंग केलं होतं. फोन तेच पुन्हा पुन्हा करत राहायचे.

“गाणं भरतात ना, तसा माझा हात भरून ठेवलाय,” ती म्हणाली.

“आणि हे विचारतेस कुणाला?”

“कुणाला नाय. लिहायला कायतरी लागतं.” तिने माझ्या हातातली वाटी घेतली. “आई विचारायची. मिठागरातून आली की पयलं हेच. आता ती नाय.”

जिन्यात पाऊल वाजलं की आपलं माणूस तुम्ही ओळखता ना, तसा पुढे मी तिचा हात ओळखू लागले. अंगठा दोनदा वर, मग विसावा, आणि ‘पाठवा’ दाबण्याआधी किंचित घुटमळणं. वरणात मीठ घालतानाही ती अशीच घुटमळायची.

एका सकाळी अंबाडा बांधता बांधता तिचा उजवा हात खाली पडला. तिला रोह्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुढे मोठ्या इस्पितळात. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं परत आलं, चालणं आलं. हात आला नाही.

तिला घरी आणलं तेव्हा कुलूप मी उघडलं. फोन चार्जिंगला लावलेलेच होते आणि नेमून दिलेलं काम करत होते. निर्जीव हात दुसऱ्या हाताने छातीशी धरून ती उंबऱ्यातच थांबली. फळीवर तिचा उजवा हात तिच्यावाचून चालला होता. सरकवत होता, थांबत होता, लिहीत होता.

“काकी, बघा,” ती हळूच म्हणाली. “त्याला कायच झालं नाय.”

मग रोज दुपारी ती त्या फळीपुढे बसू लागली. उजवा अंगठा डाव्या हाताने उचलून काचेच्या अगदी जवळ धरायची आणि फोनमधल्या हाताबरोबर फिरवायचा प्रयत्न करायची. त्यासाठी तिने फोनचा वेगही उतरवला होता. “दमानं चाल म्हटलंय त्याला. मला गाठता आलं पायजे.” यादी सावकाश सरकायची. काचेतला हात जणू तिची वाट बघायचा. अंगठा मात्र हलत नसे. खरं सांगते, दुपारचं खाली जाणं मी बंद केलं. त्या दोन हातांतला जिवंत कोणता, हे मला बघवत नव्हतं.

अखेर कंपनीचा एक तरुण फोन न्यायला आला. अदबीचा होता. “मॅडम, तुमचं रेकॉर्डिंग आम्ही ठेवतोय. इतका सारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही.”

तिने एका फोनची वायर काढली आणि ती म्हणाली, “हा संपंपर्यंत थांबा.”

तो चहा घेत थांबला. चार्जिंग उतरलं तसा फोनने आपला वेग आपणच आवरता घेतला. यादी अडखळू लागली, अक्षरं चाचपडत आल्यासारखी येऊ लागली. आमच्या डोळ्यांदेखत तो हात म्हातारा होत गेला.

“म्हातारपणी माझा असाच झाला असता,” ती म्हणाली. काच काळी झाली. दुसऱ्या दिवशी ती भावाकडे पेणला गेली. नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत रिक्षा मला दिसत होती, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

बऱ्याच महिन्यांनी त्या तरुणाचा मला फोन आला. तिचा नंबर लागत नव्हता.

“मॅडमनी रेकॉर्डिंगमध्ये काही बदल केला होता का? ऑफिसात अजून तेच चालतं. हल्ली ते ‘पाठवा’च्या आधी फार वेळ थांबतं. आजपासून तर दाबतच नाही. आम्ही फोन बदलले, वेग वाढवून पाहिला. फाईल तीच आहे.”

विचारून सांगते, असं मी म्हटलं आणि तिच्या भावाच्या घरी फोन लावला. भावजयीने उचलला. तिला धाप लागली होती.

“काकी, तुमाला कुणी सांगितलं? वन्सांचा अंगठा हलला. आत्ता, आमच्या समोर!”

मागे तिचा आवाज ऐकू येत होता. हसत होती की रडत होती, कळेना. बोलायला देऊ का, असं भावजयीने विचारलं. मी नको म्हटलं.

त्या तरुणाला उलट फोन केला. “तिने काही बदललेलं नाही. पण तुम्ही आता दुसऱ्या कुणाचा तरी हात भरून घ्या.”

“का हो, काकी?”

“तिला तो लागतोय,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.