उकंडराव आणि भेवाची तोंडं

डोणगावच्या उकंडरावाला बुजगावणी करायचा नाद. नाद म्हटलेलं त्याला खपत नसे. तो कला म्हणे. फुटक्या मडक्याला चुना फासायचा, काजळाने डोळे काढायचे, तुराट्यांवर जुना सदरा चढवायचा, एवढं तर कोणीही करतं. उकंडराव आधी शेतमालकाला गाठून विचारायचा, "तू कोणाले भेतं?" आणि त्याच माणसाचं तोंड काढायचा. ज्याले मालकच भेत नाही, त्याले पाखरू काऊन भिईन, हे त्याचं तत्त्व.

या तत्त्वापायी गावाचं काही झाकलेलं राहिलं नाही. दयारामच्या ज्वारीत त्याची सासू उभी राहिली. चारचौघांत मिशीला पीळ देणाऱ्या भाऊरावाच्या शेताच्या धुऱ्यावर तर त्याचीच बायको निघाली, सत्यभामाबाई. तिने ते पाहिलं आणि आठ दिवस त्याच्या भाकरीवर तूप वाढलं.

मग बीटी कपाशी आली. जिकडेतिकडे पऱ्हाटी. कपाशीत पाखराचं काय काम? ज्वारी गेली तशी उकंडरावाची मडकी माळ्यावर गेली, ती पंधरा वर्षं. पुढे गुलाबी बोंडअळीने सगळ्यांचाच कापूस किडवला, आणि दुसऱ्या वर्षी रुखमाबाईने दोन एकर ज्वारी पेरली. बैलांना कडबा तरी होईल म्हणाली. कणसं भरायला आली आणि उकंडराव मडकं घेऊन हजर. हे जमलं नाही तर पुन्हा हात लावणार नाही, असं त्याने मला सांगितलं होतं.

"वहिनी, तुमी कोणाले भेता?"

"कोणालेच नाही."

हे खोटं नव्हतं. न उगवलेल्या बियाण्याची पिशवी तिने भर बाजारात दुकानदाराच्या गादीवर नेऊन आपटलेली. उकंडराव तीन दिवस धुऱ्यावर बसून राहिला. भूत? साप? थोरली जाऊ? ती नुसती हसे. तिकडे राघू कणसं सोलत होते. मी म्हटलं, काढ बापा कोणाचंही तोंड, राघू काय नाव विचारतो? दुधात पाणी घाल म्हटल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

चौथ्या दिवशी रुखमाबाई कमरेवर हात ठेवून समोर आली. "भाऊजी, तुमच्या कलेपायी मी राघू पोसून राह्यली. उद्या नाही उभं केलं, तर हेच मडकं तुमच्या डोक्यात घालीन."

उकंडराव हसतच घरी गेला.

सकाळी शेतात रुखमाबाईच उभी. हिरवं लुगडं, कमरेवर हात, हनुवटी वर. "मालकीण भेत नसंन, मी तर भेतो," तो मला हळूच म्हणाला. तत्त्वाला जरा मुरड पडली, याचं त्याला वाईटही वाटत होतं. गाव गोळा झालं. रुखमाबाईने चारी बाजूंनी फिरून पाहिलं. "नाक मोठं झालं," म्हणाली. मग आपल्या कपाळाची टिकली काढून तिने मडक्याला लावली.

राघू किती उडाले ते मी पाहिलं नाही. हुरडा चोरणारे मात्र लांबून वळसा घालून जाऊ लागले.

ते ऐकून शालिग्राम आला. "मले कपाशीत एक पायजे, अळीले भेव दाखवाले," म्हणाला. उकंडराव म्हणाला, "अळी बोंडात तोंड खुपसून बसते. पाह्यणारंच नाही, तर काढू कोणासाठी? ज्वारी पेर, मंग ये."

यंदा शालिग्रामने कपाशीच्या कडेने ज्वारी पेरली आहे. आपण कोणाला भेतो, हे त्याने उकंडरावाच्या कानात सांगितलं. मडक्याला चुना लागला आहे, तोंड अजून निघायचं आहे. मी रोज एक चक्कर मारतो.