सहाव्या पदाची चाल

देवावर रुसणारा मी कोण मोठा लागून गेलो, हे आता कळते. पण त्या वर्षी रुसलो होतो खरा. निजामी संपून दोन-तीन वर्षे झाली होती. आमच्या अफजलपूरच्या भजनी मंडळाची दत्तजयंतीची सेवा दरवर्षी गाणगापुरात असे. आम्हाला पदे शिकवणाऱ्या गुरुजींनी मला दिलेले, शिळाप्रेसवर छापलेले जुने पुस्तक पुढ्यात ठेवून आम्ही दत्ताची आठ पदे एका सुरात गात असू. शब्दांच्या डोक्यावर स्वरांच्या खुणा होत्या. पुस्तक मी कुणाच्या हाती देत नसे. समोर छापलेले असताना पाठ कशाला करायचे, हा माझा खाक्या.

जयंतीला आठ दिवस उरले असताना माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, ते निर्माल्याबरोबर भीमेत सोडले. "पानं सुटायलती रे. फाटकी पोथी घरात ठेवू न्हाई म्हणून सोडली." रीत तीच आहे, तिचे काय चुकले? तरी मी तिच्याशी बोलणे टाकले. सात पदे कशीबशी जुळली. सहाव्याची चाल कुणालाच आठवेना. गुरुजी हयात नव्हते. माझ्या हातून त्यांची सेवा मोडणार, या विचाराने अन्न गोड लागेना. आपलीच पदे नदीत जाऊ दिली म्हणून देवावरही रुसलो.

जयंतीच्या दुपारी गाणगापुरात रिवाजाप्रमाणे झोळी घेऊन पाच घरच्या माधुकरीला निघालो. पाचव्या दारात एका म्हातारीने भाकरी वाढली. "संगं कोन हाय?"

"बहीण. पण मी बोलत नाही तिच्याशी," माझ्या तोंडून निघून गेले.

"कामून?" मी झोळी सावरली. तिने आणखी एक भाकरी झोळीत टाकली. "ही तिची. हाक मारून द्या, मग तुमी खावा."

भिक्षा घातलेल्या हाताचा शब्द मोडायचा कसा? धर्मशाळेत आलो. अक्का पाठमोरी बसून तांदूळ निवडत गुणगुणत होती. सहावे पद! एकही सूर इकडचा तिकडे नाही. आमच्या तालमी ओसरीवर चालत, तेव्हा ती आत चुलीपाशी असे. "अक्का," म्हणालो आणि मला रडूच फुटले. "तुला येतं, तर सांगितलं का नाहीस?"

"तू बोलायलास कुठं माझ्यासंगं?"

संध्याकाळी देवापुढे सहावे पद अक्काने उचलले आणि मी तिच्या मागून गायलो. दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या पाया पडायला गेलो, तर तिने मला ओळखलेसुद्धा नाही. झोळी पुढे करा म्हणाली. आदल्या दिवशी त्या दारात कोण उभे होते, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. दत्तमहाराजांनी एका भाकरीने आम्हा भावंडांना पुन्हा बोलते केले, म्हणून माथा टेकतो. बाकी त्यांना न्यायचे ते त्यांनी खुशाल न्यावे.