दोन्ही दिवे वाढवणे

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात फक्त देवावर विश्वास ठेवला, आणि तोसुद्धा साक्षीदार ठेवून. नवस बोलायला गेले की ते पुजाऱ्याला शेजारी उभं करत, काय बोललो ते त्याच्याकडून परत म्हणवून घेत आणि घरी आल्यावर वेळेसकट वहीत लिहून ठेवत. उद्या देव म्हणाला, तू पाच नारळ कबूल केले होते, तर आपल्याजवळ काय पुरावा, असं त्यांचं म्हणणं. अमरावतीच्या राजापेठेत त्यांची वकिली होती. फौजदारी वकिलाची भाकरी संशयावर भाजते हे मला मान्य आहे. पण इतर वकील संध्याकाळी काळ्या कोटाबरोबर संशयही खुंटीला अडकवत. मामाजी (वऱ्हाडात सासऱ्यांना आम्ही मामाजीच म्हणतो) तो अंगावर घेऊन जेवायला बसत आणि अंगावर घेऊनच झोपत.

घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून पाहत, गल्लीच्या टोकापर्यंत जात, आणि आपण खरंच ओढलं होतं की ओढल्यासारखं वाटलं, या शंकेनं परत येत. संत्री घेताना ढिगाच्या वरचं फळ त्यांनी कधी घेतलं नाही. वरचं फळ दाखवायचं असतं, म्हणून ते तळचं मागत. हे गिऱ्हाईक रोज तळचं मागतं हे ओळखून बाजारातल्या माळीणबाईनं चांगली फळं तळाशी लावायला सुरुवात केली. महिनाभरात मामाजींना त्याचाही वास आला आणि ते मधलं मागू लागले. शेवटी तिनं कंटाळून रिकामी टोपली त्यांच्यापुढं सरकवली आणि म्हणाली, "घ्या वकीलसायेब, तुमीच रचा." मामाजींनी भर बाजारात बसून ती टोपली रचली. मग मात्र त्यातलं एकही फळ घेतलं नाही, कारण ते रचत असताना ती हसत होती.

त्यांच्या घरी मुलगी पाहायला मी गेलो होतो, पण पाहिलं त्यांनी मला. "अकोल्याचे का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "मंग बोलण्यातून अकोला काहून दिसून नाही राहिला?" मी मास्तर आहे, शाळेत शुद्ध बोलावं लागतं, असं मी सांगितलं. "म्हणजे दोन भाषा आहेत," ते सासूबाईंकडं वळून म्हणाले, जणू माझ्या घरात दोन बायका सापडल्या होत्या. पुढच्या आठवड्यात ते अकोल्याला आले आणि हेडमास्तरांना न भेटता शाळेच्या शिपायाला भेटून गेले. शिपायानं माझ्याबद्दल चांगलं सांगितलं. त्यामुळं, मी त्याला आधीच फोडून ठेवला असावा असा संशय त्यांना आला, आणि तो लग्नानंतरही गेला नाही. शालू, म्हणजे माझी बायको, त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या पत्रात हमखास एक ओळ असे की मी खुशाल आहे, आणि मामाजींचं उत्तर येई की ही ओळ कोणी सांगून लिहिली ते कळवावं.

फक्त एका वस्तूवर त्यांचा संशय नव्हता. ती म्हणजे त्यांची काळी मोटार. देश सोडून जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. मोटारीवर संशय नव्हता, पण तिच्या जवळ येणाऱ्या प्रत्येकावर होता. तिचे पुढचे दिवे मंद पडत चालले तेव्हा गॅरेजवाल्यानं आतला उजेड काढून घेतला असा त्यांचा समज झाला. आता उजेड काढून तो ठेवणार कुठं, हे मी विचारलं नाही. खरी गोष्ट वेगळी होती. दिव्याच्या काचेमागं एक चकचकीत वाटी असते, तिच्यावर चांदीसारखा मुलामा असतो. ती वाटी मामाजींनी स्वतः, दुसऱ्या कोणावर भरवसा नको म्हणून, देवाची भांडी घासतात तशी चिंच आणि राखेनं तासभर घासली होती. मुलामा चिंचेबरोबर वाहून गेला. तेव्हापासून अंधारात त्या मोटारीपुढं दोन पिवळट डाग तेवढे पडत.

मग अमरावतीतली गॅरेजं झाली. प्रत्येक ठिकाणी मामाजी स्टूल घेऊन मिस्त्रीच्या शेजारी बसत, बदलून टाकू नये म्हणून बल्बवर शाईची खूण करत आणि मिस्त्री पाणी प्यायला उठला की त्याच्यामागं जात. एकानं भर दुपारी बटण ओढून दिवे दाखवले. उन्हात ते फार छान दिसले आणि रात्री होते तसेच निघाले. त्या दिवसापासून मामाजींनी नियम केला की दिवसा दिवा तपासायचा नाही. उजेडात दिवा पाहा म्हणणारा माणूस मतलबी असतो, आणि बॅटरी जाते ती वेगळीच.

शालूला सातवा लागला तेव्हा हे सगळं माझ्या दारात आलं. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा तिला अमरावतीला न्यायचं होतं. मामाजींचा रेल्वेवर विश्वास नव्हता, कारण तिचा ड्रायव्हर प्रवाशाला दिसत नाही. सर्व्हिस मोटारीवर नव्हता, कारण तिचा ड्रायव्हर दिसतो. ते स्वतः न्यायला येणार होते. दिवस कापसाचे होते. अकोल्यापासून बडनेऱ्यापर्यंतच्या रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली असे, आणि एकाही गाडीला कंदील नसे. अशा रस्त्यावर त्या दोन पिवळ्या डागांच्या भरवशावर शालूला बसवून पाठवायचं, या विचारानं मला झोप येईना. मी भीत भीत लिहिलं की मोर्णेच्या पुलापलीकडं एक म्हातारे मुसलमान मिस्त्री आहेत, हात चांगला आहे, दिवे इथंच करून घ्यावेत. उत्तर आलं, "त्याचं तुमचं काय नातं?"

तरी ते आले आणि सकाळी मोटार द्यायलाही तयार झाले. शालूला दिवसभर डोळ्यांपुढून हलू द्यायचं नव्हतं, म्हणून स्टूल घेऊन बसणं जमणार नव्हतं. त्याऐवजी त्यांनी चिठ्ठी लिहिली. तोंडी निरोप ते कधी देत नसत, आणि लेखी द्यायचा तर मोजका. जितके शब्द तितक्या पळवाटा. चिठ्ठीची घडी त्यांनी ताटातलं भाताचं शीत लावून चिकटवली आणि ती माझ्या हातात देताना चिकटलेली कड दोनदा पाहून घेतली. शालूलाही मागं बसवून त्यांनी मोटार मिस्त्रींच्या दारात नेली, चिठ्ठी मी आत नेऊन दिली आणि आम्ही टांग्यानं परत आलो. मिस्त्रींनी ती दुकानातल्या मुनशीकडून वाचून घेतली, हे मला पुढं कळलं.

तीन वाजता मोटार तयार होती. मामाजींनी चाकांचे नट मोजले, पेट्रोलच्या टाकीत काडी घालून पाहिली, सीटखाली वाकले. दिव्यांना हात लावला नाही, नियम होता. मी येतो म्हणालो तर त्यांनी "काहून?" एवढंच विचारलं. खरं सांगायचं तर मलाही त्यांच्या गाडी हाकण्याचा संशय होता. संशय हा खरजेसारखा असतो, एका घरात आला की सगळ्यांना लागतो. शालू मागं उशांना टेकून बसली, मी पुढं बसलो, आणि ताशी वीस मैलांनी आम्ही निघालो. मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा सूर्य बुडत होता. आणखी थोडं गेल्यावर रस्ता आणि शेत एक दिसू लागलं. मामाजींनी बटण ओढलं. समोर होतं त्यापेक्षाही काळं दिसलं.

त्यांनी बटण पुन्हा ओढलं, मग मोटार थांबवली आणि इंजिन बंद केलं. "जावईबापू," ते समोर पाहत म्हणाले, "मिस्त्री कोणाचा?"

"मी सांगितलेला," मी म्हणालो.

"चिठ्ठी कोणी नेली?"

"मीच."

"आत नेताना उघडली?"

"नाही."

"मंग दोन दिवे गेले कुठं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. मागं सातव्या महिन्यातली लेक, समोर अंधार, आणि अंधारात कुठंतरी कापसाच्या गाड्या. त्या क्षणी मी त्यांना पुरता आरोपी दिसत होतो आणि मला त्यांचा रागही येत नव्हता.

मागून शालूनं विचारलं, "बाबा, चिठ्ठीत तुमी लिहिलं काय होतं?"

"दोनच वाक्यं," मामाजी म्हणाले. "पुढचे दोन्ही दिवे वाढवणे. उलट प्रश्न करू नये."

शालू उशीवरून सरळ झाली. मग म्हणाली, "बाबा, आई रोज रात्री देवापुढचा दिवा वाढवते, तवा काय करते?"

मामाजींनी बटणावरचा हात काढला. आमच्याकडं दिवा विझवला असं कोणी म्हणत नाही, ते अशुभ. दिवा वाढवायचा, दुकान वाढवायचं, बांगडी फुटली तर ती वाढली म्हणायचं. मिस्त्रींच्या घरातही दिवा 'बढाया'च जात असणार. त्यांना वकिलाचा लेखी हुकूम मिळाला होता की दोन्ही दिवे बंद कर, आणि कारण विचारू नकोस. त्यांनी विचारलं नाही. मी पुढच्या खणात हात घातला तेव्हा कागदात जपून गुंडाळलेले दोन बल्ब लागले, शाईच्या खुणांसकट. शालूला हसू आवरेना. पोट धरून हसू नये म्हणून ती उशी धरून हसत होती.

"मिस्त्रीनं बरोबर केलं," मामाजी म्हणाले. "दोन अर्थ निघत असतील तर संशयाचा फायदा त्याले द्यावा लागते." वकिलीच्या तीस वर्षांत हा फायदा त्यांनी कोर्टात अनेकांना मिळवून दिला होता, पण स्वतःच्या पदरचा एवढा एकच.

ते बल्ब पुन्हा बसवायची अक्कल आमच्यापैकी कोणाला नव्हती. लोणी हे पुढचं गाव तीनेक मैल होतं. मामाजींच्या पिशवीत टॉर्च होता, त्याचे सेल त्यांनी वेगळे कोटाच्या खिशात ठेवले होते. ते घातल्यावर काजव्याएवढा उजेड पडला. मी उतरलो. "कोट काढा," ते म्हणाले, "पांढरं दिसू द्या." मी सदरा-धोतरावर पुढं चालू लागलो आणि मोटार पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत माझ्या पाठीमागं येऊ लागली. समोरून कापूस विकून येणारा एक गाडीवाला मला म्हणाला, "काहून हो भाऊ, मोटर चारायले नेऊन राहिले का?" दुसऱ्यानं बैल थांबवून आमची सगळी मिरवणूक शांतपणे पाहून घेतली. एरवी मामाजींनी अशा माणसाचं नाव-गाव विचारलं असतं.

एका वळणावर मला जमिनीजवळ विडीचा ठिपका दिसला. टॉर्च वर केला तर रस्त्याच्या मधोमध आस मोडलेली गाडी, वर घराएवढा कापूस, आणि बैल सोडून खाली बसलेला माणूस. मी ओरडलो नाही. नुसता हात वर केला. मागं मोटार जागच्या जागी थांबली. मी वळून पाहिलं. मामाजींना तिथून माझ्या पाठीशिवाय काही दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी 'काहून' विचारलं नाही, खिडकीतून डोकं काढलं नाही. मी हात खाली घेईपर्यंत ते बसून राहिले. मग मी बाजूनं वाट दाखवली आणि ते आले.

लोणीला एका ट्रकवाल्यानं दहा मिनिटांत बल्ब बसवून दिले. दोन पिवळे डाग परत आले. मी कोट घालून मोटारीत बसलो. फर्लांगभर गेल्यावर एक पूल आला, तसे मामाजी थांबले. "हे दिवे काही खरे नाहीत," ते पुटपुटले. "पुलापुरते उतरता का जरा?" त्या रात्री बडनेऱ्यापर्यंत जितके पूल आणि मोऱ्या आल्या, तितक्या वेळा मी उतरलो. शालूला सुखरूप घरात नेऊन बसवल्यावर मामाजींनी माझे पाय धुवायला स्वतः पाणी आणून दिलं आणि ते कोमट आहे ना, हे आधी बोट घालून पाहिलं.

मुलगी झाली. मायलेकींना पोचवायला ते अकोल्याला आले तेव्हा मिस्त्रींसाठी दीड पानी चिठ्ठी होती, आणि वाढवणे म्हणजे मालवणे, काढणे अगर निववणे असा अर्थ घेऊ नये, हे पहिलंच कलम होतं. नव्या वाट्या, जाड तारा, मोठे बल्ब, सगळं झालं. उजेड इतका लांब जाऊ लागला की मामाजींना त्याचाही संशय आला. एवढं दाखवून याला काय लपवायचं आहे, असं ते म्हणायचे.

पुढं काही वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधल्या. माझेच डोळे परत बसवले हे कशावरून, म्हणून त्यांनी डॉक्टरांना हैराण केलं. नर्सनं हात धरला तर पाऊल उचलेनात, वॉर्डबॉयला हात लावू देईनात. मी अकोल्याहून पोचलो तेव्हा ते पलंगाच्या कडेला काठी धरून बसले होते. मी काही न बोलता हात दिला. त्यांनी मनगट चाचपलं आणि उठले. व्हरांड्यात आल्यावर विचारलं, "पुढं काय हाय?" मी म्हणालो, "दोन पायऱ्या, मामाजी. मग मोकळं आहे." काठी हातात होती, पण ती पुढं करून त्यांनी पायरी चाचपून पाहिली नाही. माझ्या शब्दावर पाय खाली टाकला.

दोन वर्षांनी ते गेले. माझ्यावर इतका विश्वास त्यानंतर कोणी टाकला नाही. कधीकधी वाटतं, त्यांनी आणखी थोडी चौकशी करायला हवी होती. मी तेवढा भरवशाचा होतो का, याचा मला हल्ली संशय येतो, आणि तो दूर करायला ते नाहीत.