मातीच्या माणसाची उलटतपासणी

सेक्टर एकोणपन्नासच्या मंडईत गोपीनाथ बारबोले दिसले की कलिंगडवाला आधीच हात जोडतो. "बाऊजी, हाथ से ठोको जी, सिक्के से नहीं!" पण बारबोले खिशातून नाणं काढतातच. टक, टक, टक. मान तिरकी, डोळे मिटलेले. मग "पोकळ आहे," असं मराठीत स्वतःशीच पुटपुटून पुढच्या गाड्याकडे.

ही खोड हवाई दलातली. उभी नोकरी त्यांनी एकच काम केलं. हेलिकॉप्टरच्या पात्यांवर नाणं वाजवत जायचं आणि आवाज बदलला की थांबायचं. वरून रंग चकचकीत, आत थर सुटलेला. डोळ्याला कळत नाही, कानाला कळतं. "प्रत्येक पातं गुन्हेगार," ते नव्या पोरांना सांगायचे, "वाजून निर्दोष ठरेपर्यंत." हा बार्शीचा माणूस निवृत्तीनंतर चंदीगडलाच राहिला. पाती सुटली, नाणं काही सुटलं नाही. दूधवाला, केबलवाला, मुलगा हेरंबचे मोहालीच्या ऑफिसातले मित्र, जो येईल त्याला एकदा वाजवून बघायचंच.

"अहो, लग्नाआधी मलाही वाजवून पाहिलं होतं का?" बायको नीला विचारायची.

"तेव्हा माझं ट्रेनिंग झालं नव्हतं."

एका ठिकाणी मात्र नाणं चालत नव्हतं. नात अबोली, तिसरीतली. सून पंजाबी, शाळा इंग्रजी, खेळ हिंदीत. मराठी सगळं कळायचं तिला, पण उत्तर? "अबोली, जेवलीस का गं?" "हां आजोबा, खा लिया." "शाळेत काय झालं?" "कुछ नहीं हुआ यार." बारबोल्यांना हे फार लागायचं. आपण गेलो की या घरात मराठी बोलणारं कोणी उरणार नाही, एवढंच त्यांच्या मनात यायचं आणि मग ते टीव्ही मोठा करायचे.

अशात एका रविवारी, ते दाढी करत असताना, अबोली दारात येऊन उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही मातीचे आहात का?"

ब्रश हातातच राहिला. मराठी! अख्खं वाक्य!

"काय म्हणालीस बेटा?"

"कारण आजी बरगडीची असेल, तर तुम्ही आधी बनलात. मग तुम्ही मातीचे."

बारबोल्यांचे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी कान टवकारले. बरगडी? माती? हे आपल्यातलं नव्हे.

"कुणी शिकवलं हे?"

"नलिनी आजीनी. कचेरीत."

सोसायटीच्या हॉलमध्ये नलिनी नागावकर दर रविवारी 'गोष्टींची कचेरी' भरवायच्या, जुन्या गोष्टींतल्या पात्रांना कोर्टासारखं साक्षीला उभं करायच्या. बदलीवर आलेल्या फौजी मराठी घरांतली मुलं जमायची. नलिनीबाईंचा नवरा फौजेत दातांचा डॉक्टर होता. तो वारला, त्या इथेच राहिल्या, पाचव्या मजल्यावर, एकट्या. अबोलीला तिथे नीलाने धाडलं होतं. नागावकर आडनाव ऐकून बारबोल्यांनीही हरकत घेतली नव्हती. नागावकर म्हणजे कोकणातले, आपलेच.

आता ते लिफ्टपाशी दबा धरून बसले, आणि बाई आल्या तसे त्यांच्याबरोबर आत शिरले.

"नागावकर म्हणजे अलिबागजवळचं नागाव?"

"तेच हो. समुद्र अगदी दाराशी."

"मग कुलदैवत कुठलं तुमचं?"

"आमचा देव एकच," नलिनीबाई हसल्या. "आणि त्याची मूर्ती नाही."

"मूर्ती नाही?"

"नाही. पाचवा आला, बारबोलेसाहेब."

बारबोले उगाचच त्यांच्यामागे उतरले आणि जिन्याच्या वळणावर थबकले. बाईंच्या दाराच्या चौकटीवर बोटाएवढी पितळी डबी ठोकलेली. बाईंनी तिला बोटं लावली, बोटं ओठांना लावली आणि आत गेल्या.

"कॅमेरा आहे तो," त्यांनी घरी येऊन जाहीर केलं.

"कॅमेऱ्याचा कुणी पापा घेतं का?"

"संशय येऊ नये म्हणूनच घेत असणार."

त्या दिवसापासून त्यांनी पाळत सुरू केली. शुक्रवारी दिवेलागणीला पाचव्या मजल्याच्या खिडकीत दिवे. शनिवारी फोन केला तर उचलत नाही. शनिवारी खाली बागेत येते, पण परत जाताना लिफ्ट सोडून जिना चढते, गुडघा धरून, मजल्यामजल्याला थांबत. चालू लिफ्ट सोडून जिना चढणारी बाई काहीतरी लपवत असणारच! आणि एका सकाळी, लिफ्टमध्येच, त्यांच्या तोंडून सोसायटीच्या सेक्रेटरीपाशी, ग्रोव्हरपाशी, एक वाक्य निसटलं. "ग्रोव्हरसाब, बच्चों को वहाँ क्या पढ़ाते हैं, ज़रा देखना."

पुढच्या रविवारी ते स्वतःच हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. घडी घातलेला पेपर मांडीवर, कान पुढे.

पुढे साक्षीदाराचा पिंजरा म्हणून उलट्या ठेवलेल्या टेबलाच्या चार पायांत एक मुलगा उभा होता. अंशुमन, मेजरांचा. आज पुन्हा त्या मातीच्या माणसाची जबानी, आणि अबोली वकील. नलिनीबाई बाजूला, जमिनीवर मांडी घालून.

"नाव?"

"आदाम."

"कशाचे बनलात?"

"मातीचा."

"कुठली माती?"

"अं... लाल?"

मुलं खिदळली. "लालच म्हणतात," नलिनीबाई म्हणाल्या. "पुढे विचारा वकीलसाहेब."

"आधी झाडं आली की आधी तुम्ही?" अबोलीने ओढणी वकिलाच्या कोटासारखी मागे झटकली.

"मी. तेव्हा झुडूपसुद्धा नव्हतं. मग देवाने बाग लावली. मग मला करमेना म्हणून प्राणी केले. तरी करमेना, म्हणून मला झोपवून बरगडी काढली आणि बाई केली."

मागच्या खुर्चीचा पाय करकरला. बारबोले उभे राहिले होते.

"थांबा! मागच्या रविवारचा साक्षीदार काय म्हणाला होता? अबोलीने घरी सांगितलंय मला. आधी उजेड, मग पाणी, झाडं, मासे, जनावरं, आणि शेवटी बाई-माणूस, दोघं एकदम. जबान्या जुळत नाहीत. एक खोटी आहे."

"वा!" नलिनीबाईंनी टाळी वाजवली. "कुठली?"

बारबोल्यांनी हातातल्या पेपरची आणखी एक घडी घातली.

"आम्ही ज्यू लोक," त्या मुलांकडे वळून म्हणाल्या, "या दोन्ही गोष्टी एकाच पोथीत शेजारी-शेजारी वाचतो. जुळत नाहीत हे काय आमच्या लोकांना दिसलं नसेल? एकात देव नुसता बोलतो आणि जग होतं. दुसऱ्यात गुडघे टेकून चिखल मळतो. दोन तऱ्हेची माणसं, त्यांना देव दोन तऱ्हेनं दिसला. जोड तसाच ठेवला. घासून गुळगुळीत नाही केला." मग बारबोल्यांना, "तुम्ही पाती तपासायचा ना? जोड दिसणारं पातं आणि वरून रंग फासलेलं पातं. जास्त संशय कशाचा घ्यायचा?"

"रंग फासलेल्याचा," बारबोल्यांच्या तोंडून निघून गेलं. ते चिडून खाली बसले.

कचेरी पुढे चालली. सापाला बोलावलं. आमच्या जुन्या गोष्टीत तो नुसता चतुर साप, बाई म्हणाल्या; पुढे ख्रिस्ती लोकांनी तीच ओळ वाचली तेव्हा त्यांना त्यात सैतान दिसला. आम्ही म्हणतो, माणूस चुकला. ते म्हणतात, माणूस पडला, म्हणून त्याला उचलायला कुणीतरी यावं लागलं. शब्द तेच, ऐकणारे वेगळे. मग नद्यांच्या गाळाच्या विटा पाडणाऱ्या एका दूरच्या देशातल्या फार जुन्या गोष्टीतही माणूस मातीचाच निघाला. जंगलातल्या गोंडांच्या गोष्टीत सगळीकडे पाणीच पाणी, आणि गांडुळाच्या पोटातून पहिली माती आली.

"खरी कुठली पण?" अंशुमन वैतागला.

"ही कचेरी निकाल देत नाही. विचारायचं एवढंच, की ही गोष्ट सांगणाऱ्याला कशाची भीती होती आणि कशाचं कौतुक होतं. आणि आपल्या वेदांमधला तो ऋषी आठवतोय ना? सगळं सांगून झाल्यावर शेवटी काय म्हणाला?"

"वरून बघणाऱ्याला माहीत असेल," मुलं एका सुरात ओरडली, "नाहीतर त्यालाही नसेल!"

हा ऋषी इन्स्पेक्शनमधला दिसतोय, असं बारबोल्यांच्या मनात आलं. पण त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

घरी आल्यावर ते नीलावर बरसले. "ज्यू म्हणे! ज्यू काय नागावात जन्मतात? आणि एवढं शुद्ध मराठी? बाई बनावट आहे."

"अहो, आमच्या रोह्यात होते की. तेलाचा घाणा होता त्यांचा. शनवार तेली म्हणायचे. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. आई शुक्रवारीच बाटली भरून आणायची."

"तेली वेगळे, ज्यू वेगळे."

"तेच ते. पण तुम्हाला कोण सांगणार!"

शनिवारी दुपारी ग्रोव्हर दारात. हातात टाइप केलेला कागद, मागे कमिटीचे दोघं. "बारबोलेजी, आपने ही बताया था. चलो ऊपर, आप मराठी में समझा देना." बारबोल्यांना आता नाही कसं म्हणता येणार? अबोली त्यांचं बोट धरून आलीच.

नलिनीबाईंनी दारातच कागद वाचला. मी मुलांमध्ये कुठल्याही धर्माचा प्रचार करणार नाही, असं लिहिलेलं, खाली सहीची जागा. "ठीक है," त्या म्हणाल्या. "सही कल करूँगी."

"कल क्यों? आज क्या है?"

"शनिवार को मैं लिखती नहीं."

"लो जी!" ग्रोव्हरने मागच्यांकडे पाहिलं. "पेन चलाने का भी मुहूर्त होता है? मैडम, सीधी बात करो. रात भर में वकील से पूछोगे, हमको पता है. साइन नहीं, तो कल से हॉल को ताला."

"माझा शब्बाथ आहे, विश्रांतीचा दिवस. कामाला हात लावायचा नसतो," त्या शांतपणे म्हणाल्या, मग हिंदीत, मग इंग्रजीत. ग्रोव्हर तिन्ही भाषांत हसला. "बहाना अच्छा है जी."

अबोलीने आजोबांचा हात ओढला. "आजोबा, कचेरी बंद होणार? मग मी मराठीत कुणाशी बोलू?"

बारबोल्यांच्या छातीत टक्कन आवाज झाला. माझ्याशी बोल, असं म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. आपण तिला 'जेवलीस का' यापलीकडे काही विचारलं होतं कधी?

आणि त्यांच्या डोळ्यांपुढे एकेक गोष्ट उभी राहिली. शुक्रवारचे दिवे. न उचललेला फोन. गुडघा धरून चढलेला जिना. रोह्याचा बंद घाणा. बोलावं, तर आपण पाळत ठेवली हे बाईंसमोर उघडं पडणार. न बोलावं, तर हॉलला कुलूप.

"ग्रोव्हरसाब," त्यांनी घसा खाकरला. "बहाना नहीं है."

"आपको कैसे पता?"

"मैं देखता हूँ." कान लाल झाले होते. "हर शनिवार. इन पर शक था मुझे. अभी भी थोड़ा है. लेकिन ये शनिवार को फ़ोन नहीं उठातीं. लिफ़्ट का बटन नहीं दबातीं, घुटना दुखता है फिर भी. जब इनको पता नहीं था कि कोई देख रहा है, तब भी नहीं. मेरी पत्नी के गाँव में तेली थे, वो भी..." तेल्याचं हिंदीत सांगणं त्यांना जमेना. "कल आना. कल साइन होगा. नहीं हुआ, तो ताला मैं लगाऊँगा."

ज्याने तक्रार केली तोच साक्षीला उभा. ग्रोव्हरने पेन परत खिशाला लावलं. "कल सुबह फिर," म्हणत तो कागद घडी करून खाली गेला.

नलिनीबाई चौकटीला टेकून उभ्या होत्या. "दर शनिवारी?"

"दर शनिवारी," बारबोले जमिनीकडे बघत म्हणाले.

"आणि मला वाटायचं, पायांना मुंग्या आल्यात म्हणून तुम्ही जिन्यात उभे असता."

अबोली फसकन हसली. बारबोले मात्र हसले नाहीत. त्यांची नजर पितळी डबीवर गेली होती आणि हात खिशात.

"काय आहे ते?"

"आत गुंडाळलेला लेख आहे. देव एक आहे, असं लिहिलेला. वाजवून बघायचंय ना? बघा. पण हळू."

नाणं बाहेर आलं.

"आजोबा," अबोलीने त्यांचं मनगट धरलं, "नाण्याने नाही. हाताने."

बारबोल्यांनी नाणं खिशात टाकलं. बोटाच्या पेराने, कलिंगडाला कधीच लावलं नव्हतं इतकं हलकं, एकदा वाजवलं. मान तिरकी, डोळे मिटलेले.

"भरीव आहे," ते म्हणाले. मग बोट मागे घेत, "वाटतंय तरी."

खाली उतरताना लिफ्ट समोरच उघडी होती. अबोली जिन्याकडे वळली. "चला ना आजोबा, चालत जाऊ. मला एक सांगा, गांडुळाला कुणी बनवलं?"

बारबोले कठडा धरून तिच्यामागे उतरू लागले. "तोच संशय आहे माझा," ते म्हणाले. "तुला काय वाटतं?"