अळिवाचे लाडू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — तुमचा चेहरा दिसत नाही म्हणून असेल कदाचित.

मी मोबाइलवर वाचायच्या गोष्टी लिहिते, रोज एक भाग. सध्याचा माझा नायक व्हॅम्पायर आहे. नाशिकजवळच्या द्राक्षमळ्यांत राहतो, माणसाचं रक्त प्यायचं सोडलंय, आणि ज्यांना छळलं त्यांची दारोदार माफी मागत फिरतो. "किती आतून लिहिता हो!" वाचक कळवतात. मला घाम फुटतो.

कारण — कसं सांगू? — अकरा वर्षांपूर्वी माझी धाकटी जाऊ सुनीता बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. रक्तपेढीत तिच्या गटाचं रक्त नव्हतं. घरात तो गट फक्त माझा. आम्ही दोघी बी निगेटिव्ह, त्यावरून चेष्टाही चालायची. दीर माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. आणि मी म्हटलं, माझं हिमोग्लोबिन कमी आहे.

नव्हतं कमी. सुईची भीती? तीही नव्हती. महिन्यापूर्वी सगळ्यांदेखत ती माझ्या गोष्टींना हसली होती — एवढंच. आणि बाईने हिमोग्लोबिन कमी आहे म्हटलं, तर संशय कोण घेणार? दिराचा मित्र ओझरहून धावत आला, त्याने रक्त दिलं. तोवरचे दोन तास मी बाहेर चहा पीत बसले होते.

सुनीता वाचली, लेकही वाचली. पण खरी लाज पुढेच आहे. काही दिवसांनी सायखेड्याहून, दीर-सुनीताच्या घरून, डबा आला. बाळंतिणीसाठी तिच्या आईने केलेले अळिवाचे लाडू — त्यातले अर्धे माझ्यासाठी. ताईंचं रक्त वाढू दे म्हणून! तेव्हापासून दर हिवाळ्यात डबा येतो, आणि मी ते लाडू खाते. चवीने खाते. सांगा, रक्त कोण पितंय?

गेल्या आठवड्यात सुनीता आली होती. आता माझा प्रत्येक भाग वाचते. चहा पिता पिता सहज म्हणाली, "ताई, तुमचा तो लय माफी मागतो. पण केलं काय, ते सांगतच नाय."

मी कप घेऊन आत गेले. धुतलेलाच कप पुन्हा धुतला.

आज सकाळी आमच्या कॉलनीतल्या शिबिरात पहिल्यांदा रक्त दिलं. हिमोग्लोबिन तेरा. "छान आहे, काय खाता?" नर्सने विचारलं. मी बाही खाली ओढली. ह्याने काही फिटत नाही, ठाऊक आहे मला.

उद्या सायखेड्याला जातेय. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून दरवर्षी मी त्यात चिवडा भरून पाठवते. ह्या वेळी तो नुसता धुऊन पुसून ठेवलाय. हातात दुसरं काही नको. काय केलं, ते आधी सांगेन. मग ती बोलेल किंवा बोलणार नाही.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला तिच्या घरी जायची घाई झाली आहे.