अठरावा फॉर्म

नवी वस्तू दिसली की श्यामकांत देवस्थळींचे हात शिवशिवत. पुण्यात असताना घरी नवा स्टोव्ह आला, तो त्यांनी पहिल्याच दिवशी सुटा करून पाहिला होता. त्या रात्री घरच्यांनी दूध-केळ्यांवर भागवलं. बायको सरोज ही गोष्ट पाहुण्यांना हसत हसत सांगायची. पुढे पुढे तिने ती सांगणं सोडून दिलं.

१९६९ साली बदली होऊन ते कलकत्त्याला आले. एस्प्लनेडपासून चालत सात मिनिटांवर त्यांचं सरकारी कार्यालय होतं. काम नदीच्या भरती-ओहोटीचे तक्ते काढण्याचं. पुढच्या वर्षी कोणत्या दिवशी, किती वाजता, पाणी किती चढेल, ते आधीच मांडून छापायचं आणि बोटीवाल्यांच्या हाती द्यायचं. वर्षानुवर्षं ही आकडेमोड माणसं करत होती, हाताने फिरवायच्या यंत्रांवर. देवस्थळी आले ते ही आकडेमोड कॉम्प्युटरवर नेण्यासाठी. शहरात तेव्हा कॉम्प्युटरविरुद्ध मोर्चे निघत. कार्यालयाच्या फाटकावरही कोणीतरी खडूने घोषणा लिहून जाई आणि दरवान ती रोज सकाळी पुसून टाकी.

कॉम्प्युटर कार्यालयाचा स्वतःचा नव्हता. दुसऱ्या एका इमारतीतल्या कॉम्प्युटरवर दर शनिवारी दुपारी दोन तास मिळत, तेही वीज राहिली तर. देवस्थळी आठवडाभर प्रोग्राम लिहीत, तो कार्डांवर पंच करून घेत, आणि गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीची एक तिरकी रेघ मारून ठेवत. गठ्ठा हातातून पडला तरी रेघ जुळवली की कार्डं पुन्हा क्रमाने लागतात. कलकत्त्याच्या दमट हवेत कार्डं फुगत आणि यंत्रात अडकत, म्हणून त्यांनी सरोजचा चिवड्याचा डबा पळवला होता. शनिवारी तो डबा काखेत मारून ट्रामला लटकणारा माणूस म्हणजे आपले देवस्थळी.

१९७२च्या सुरुवातीला कॉम्प्युटरच्या कंपनीकडून एक टेप आली. नवा कंपायलर होता, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारं साधन. अजून तो बाजारात आला नव्हता. टेपवर ‘चाचणीसाठी’ असा शिक्का होता आणि सोबत फॉर्मांचा एक गठ्ठा. दोष सापडला की फॉर्म भरून पाठवायचा. देवस्थळींना स्वर्ग दोन बोटं उरला. सहा महिन्यांत त्यांनी सतरा फॉर्म भरले. कंपनीच्या दोषपत्रकात त्यांचं नाव दोनदा छापून आलं. ते पत्रक त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशा बेताने.

त्याच खोलीत खिडकीजवळ निबारण चक्रवर्ती बसत. छप्पन्न वर्षांचे, चौतीस वर्षं आकडेमोडीत काढलेले. कार्यालयात एक जुनी रीत होती. प्रत्येक महिन्यातला एक दिवस निवडायचा आणि त्या दिवसाची भरती दोघा गणकांनी एकमेकांकडे पाठ करून हाताने काढायची. दोघांचं उत्तर जुळलं तरच तक्ता छापायला जाई. निबारणबाबूंच्या पाठीला पाठ लावून बसणारे गृहस्थ निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, आणि ती दुसरी खुर्ची रिकामीच राहिली. निबारणबाबू मात्र अजूनही तिच्याकडे पाठ करूनच बसत.

मोर्च्यात ते कधी गेले नाहीत. बेहालाला राहत. रोज सकाळी कार्यालयात येण्याआधी पाड्यातल्या, म्हणजे आपल्या आळीतल्या, मुलांना गणित शिकवून येत. देवस्थळींशी ते अर्ध्या इंग्रजीत आणि अर्ध्या बंगालीत बोलत, आणि देवस्थळी आपल्या मोडक्या बंगालीत उत्तर देत. दोघांचं बरं चाललं होतं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर निबारणबाबूंना जाड भिंगाचा चष्मा लागला, तेव्हा देवस्थळींनीच त्यांच्या टेबलावर जास्तीचा दिवा लावून घेतला होता. माणूस वाईट नव्हता हो. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

१९७३चा तक्ता नव्या कंपायलरवर करायचा असं देवस्थळींनी ठरवलं. जुन्याला वर्षाचं काम करायला सहा तास लागत, म्हणजे तीन शनिवार. नवा ते दोन तासांत करी. संचालक मित्रसाहेबांना (मित्र हे त्यांचं आडनाव) त्यांनी शब्द देऊन टाकला की दुर्गापूजेच्या सुट्टीआधी तक्ता छापखान्यात जाईल. आधी जुन्या कंपायलरवर फक्त जानेवारी काढून पाहिला. नव्याशी तंतोतंत जुळला.

“शितावरून भाताची परीक्षा,” ते घरी जेवताना सरोजला म्हणाले.

“शीत कुठलं घेतलंत?” तिने विचारलं. “वरचं शिजलेलं असतं कधी कधी, आणि मध्ये कच्चं.”

ते हसले. स्वयंपाकघर आणि कॉम्प्युटर यांत फरक असतो, असं काहीतरी म्हणाले.

सप्टेंबरमध्ये निबारणबाबू एक कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी आले. जानेवारी ते मे ठीक होतं. जूनपासून फरक पडत होता, आणि ऑगस्टमध्ये निवडलेल्या दिवशी त्यांची भरती यंत्राच्या भरतीपेक्षा वीतभर जास्त येत होती.

“ऑगस्ट चुकलाय, देवस्थळीबाबू.”

“जानेवारी जुळला ना? मग यंत्र काय ऑगस्टपर्यंत दमतं?” देवस्थळी म्हणाले. खोलीतले दोघे-तिघे हसले.

निबारणबाबूंनी पुन्हा आकडेमोड केली. तेच उत्तर. आणखी एकदा केली. तेच. तिसरा कागद घेऊन आले तेव्हा देवस्थळी छापखान्याशी फोनवर बोलत होते. फोन ठेवून ते जरा चिडूनच म्हणाले, “एकच माणूस तीनदा तीच चूक करू शकतो, निबारणबाबू. यंत्राची चूक होत नाही. डोळ्यांना ताण देऊ नका.”

सतरा दोष हुडकून काढणारा माणूस हे बोलला. त्या कंपायलरवर ‘चाचणीसाठी’ असा शिक्का आहे, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. अठरावा दोष एक म्हातारा आयता हातात आणून देत होता. पण तो स्वतःला सापडला नव्हता, आणि मित्रसाहेबांना शब्द दिलेला होता. एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधायला गेलं तर सापडणार नाही.

मित्रसाहेबांनी दोघांना बोलावलं आणि निबारणबाबूंना आपल्यासमोर एकदा आकडेमोड करायला सांगितलं. निबारणबाबू बसले. मित्रसाहेब घड्याळाकडे पाहत होते आणि देवस्थळी खुर्चीमागे उभे होते. चौतीस वर्षांत त्या माणसाच्या अंगावर अशी कोणाची नजर नव्हती. तिथे पाठीला पाठ लावून काम करायची रीत. एक ओळ सुटली आणि चौथ्यांदा उत्तर वेगळंच आलं. ते यंत्राशीही जुळत नव्हतं आणि त्यांच्या स्वतःच्या तीन कागदांशीही.

निबारणबाबूंनी पेनाला टोपण लावलं. मग हळूच म्हणाले, “आपलंच बरोबर आहे, देवस्थळीबाबू.”

मित्रसाहेबांनी देवस्थळींकडून एका ओळीचा शेरा लिहून घेतला : हातगणितात चूक, यंत्राचे उत्तर ग्राह्य. पूजेनंतर निबारणबाबूंनी मुदतीआधीच निवृत्तीचा अर्ज दिला. त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं. मित्रसाहेबांच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला गेला. निरोपाच्या दिवशी निबारणबाबूंना एक शाल दिली, आणि हाताने ताळा करायची ती जुनी रीतही त्याच दिवशी बंद झाली.

पुढच्या जूनमध्ये कंपनीचं पत्र आलं. नव्या कंपायलरमध्ये गंभीर दोष आढळला होता. लहान कोनांचं गणित तो बरोबर करी, पण कोन फार मोठा झाला की चुके. भरतीच्या गणितात कोन एक जानेवारीपासून मोजतात आणि ते दिवसागणिक वाढत जातात. देवस्थळींनी पत्र उभ्यानेच वाचलं. मग कपाटातून निबारणबाबूंचे ते तीन कागद काढले आणि शनिवारी जुन्या कंपायलरवर ऑगस्ट काढून पाहिला. वीज दोनदा गेली. तिसऱ्यांदा छापील आकडा बाहेर आला. तो निबारणबाबूंच्या आकड्याशी शेवटच्या अंकापर्यंत जुळत होता.

ते तिथेच स्टुलावर बसले. त्यांना लाज वाटली. इतकी की चिवड्याचा डबा तिथेच राहिला आणि परत आणायला सोमवारी जावं लागलं.

“निबारणबाबूंची फाईल दुरुस्त करायला हवी,” ते मित्रसाहेबांना म्हणाले.

“फाईलमध्ये दुरुस्त करण्यासारखं काय आहे? तो स्वेच्छेने गेला.” मित्रसाहेबांनी तक्त्याच्या उरलेल्या प्रतींत चिकटवायला एक चिठ्ठी छापून घेतली. चिठ्ठीवर जून ते डिसेंबरचे नवे आकडे होते आणि वर मथळा ‘मुद्रणदोष’. खाली सही देवस्थळींची. त्यांनी ती केली. नको म्हणायला हवं होतं, पण म्हटलं नाही.

सरोजला हे कळलं तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, “अहो, आजच जाऊन या त्यांच्याकडे.”

ते गेले नाहीत. रिकाम्या हाताने जाऊन काय सांगायचं? काहीतरी पुरावा हवा. त्यांनी अठरावा फॉर्म भरला. त्यात एक रकाना होता : दोष प्रथम कोणाच्या लक्षात आला, आणि केव्हा. तिथे त्यांनी लिहिलं, ‘निबारण चक्रवर्ती, कलकत्ता, सप्टेंबर १९७२’. सोबत तिन्ही कागदांच्या नकला जोडल्या. कंपनीला दोन स्मरणपत्रं पाठवली. ऑक्टोबरात नवं दोषपत्रक आलं आणि त्यात निबारणबाबूंचं नाव छापलेलं होतं. स्वतःचं नाव छापून आलं तेव्हाही देवस्थळींना इतका आनंद झाला नव्हता.

पूजा संपली. विजयादशमीनंतर धाकट्यांनी थोरांच्या घरी जाऊन पाया पडायचं, थोरांनी मिठाई हातावर ठेवायची, अशी तिथली चाल. देवस्थळी संदेश मिठाईचा पुडा आणि दोषपत्रक घेऊन बेहालाच्या ट्राममध्ये बसले. तिथे बोलायची वाक्यं मनाशी बंगालीत जुळवत होते.

निबारणबाबूंच्या घराच्या ओसरीत भिंतीवर एक फळा होता. त्यावर खडूची एक रेघसुद्धा नव्हती. सुनेने चहा आणला. निबारणबाबू वर्षभरात बरेच वाळले होते, पण देवस्थळी पाया पडले तेव्हा त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

“मुलं येत नाहीत आता?” देवस्थळींनी फळ्याकडे पाहत विचारलं.

“मीच बंद केलं. लोकांच्या मुलांना चुकीचं शिकवायचं म्हणजे पाप.”

देवस्थळींनी सगळं सांगितलं. जुळवलेली वाक्यं राहिली बाजूला, हिंदी-बंगाली-इंग्रजी जे तोंडात आलं त्यात सांगितलं. कोनाचं सांगितलं, जुन्या कंपायलरचं सांगितलं. “तुमचा ऑगस्ट बरोबर होता. तिन्ही वेळा. चूक माझी होती.” आणि दोषपत्रक पुढे केलं.

निबारणबाबूंनी ते जाड भिंगाजवळ नेलं. आपलं नाव वाचलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि देवस्थळींना वाटलं, झालं, सुटलो.

“माझ्यासाठी किती धडपड केलीत,” निबारणबाबू म्हणाले. “परदेशातल्या कंपनीला सांगून नाव छापवून घेतलंत. आपण फार भले आहात, देवस्थळीबाबू.”

“भला नाही हो! खरं आहे ते. हे पाहा, कागद आणलाय. तुम्ही स्वतः काढून पाहा ऑगस्ट. मी बाहेर जाऊन बसतो.”

निबारणबाबूंनी तो कागद नीट चौपदरी घडी घालून त्यांच्या हातात परत दिला.

“एकच माणूस तीनदा तीच चूक करू शकतो. आपणच म्हणाला होतात, आणि ते खोटं नाही. चौथ्यांदा मी आपल्या डोळ्यांदेखत चुकलो. तिथे कुठे यंत्र होतं?”

देवस्थळींनी कागदाची घडी खिशात घातली. चहा संपवून ते उठले. ‘पुन्हा येईन’ म्हणाले, निबारणबाबूंनी ‘जरूर या’ म्हटलं. ओसरीच्या पायरीवर बसून ते बुटांचे बंद बांधत होते, तेव्हा आत सून सासऱ्यांचं औषध घेऊन आली. पाण्याचा पेला ठेवला, त्यांच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या. निबारणबाबूंनी हात दिव्याजवळ नेला. बोटाने एकेक गोळी बाजूला सारत मोजली. पुन्हा एकदा मोजली.

मग त्यांनी हात सुनेपुढे धरला.

“तीनच आहेत ना, बौमा? तू एकदा बघ.”