घोरण्याचं कौतुक

आमच्या घरात घोरण्याचं कौतुक होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी कारखान्यांना, शाळेला आणि सरकारी कार्यालयाला बोल लावणार आहे, आणि त्यात स्वतःचं घर सोडून दिलं तर ते पत्रक होईल. पत्रकं मी पुष्कळ लिहिली आहेत.

आम्ही जालन्याच्या कडेला राहतो, लोखंडाच्या भट्ट्यांच्या मागं. तिथं भंगार वितळवून सळया काढतात. घर म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. खोलीत माझा मोठा भाऊ, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि मी. थोरली दुसरीत, धाकटी नुकती चालायला लागलेली. भाऊ भट्टीवर कामाला. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळीच्या आठवड्यात सगळं घर त्याच्या झोपेभोवती फिरायचं. काजळी आत येऊ नये म्हणून खिडकीला पोतं होतंच, वरून दार लोटलं जायचं, भर दुपारी डासांची कॉइल पेटायची आणि आवाज नको म्हणून पोरींनाही त्याच्या शेजारी आडवं केलं जायचं. त्यांना झोप आली आहे का, हे कोणी विचारायचं नाही.

थोरली पडल्या पडल्या घोरायला लागायची. वहिनी शेजारणीला सांगायची, "आमची बापावर गेली. पडली की गाढ. कानाशी ढोल वाजवा, उठायची न्हाई."

"नशीब काढलं बाई तुम्ही. आमचं तर रातभर किरकिर करतंय," शेजारीण म्हणायची.

थोरलीला 'भोंगा' हे नाव मी ठेवलं. पाळी बदलताना कंपनीचा भोंगा वाजतो तशी ही सुरू होते म्हणून. सगळे हसले. तीही हसली, तोंड उघडं ठेवून. ते तोंड कधी मिटतच नव्हतं, हे आम्हा तिघा शहाण्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं, तर वहिनीला वाटायचं नजर लागली. पोरीच्या अंगाला काही लागत नव्हतं, तर भाऊ म्हणायचा, आपल्या घरात सगळे काटकच.

आणि मी त्याच वेळी धुराच्या विरोधात मोहीम चालवत होते. आम्ही सात-आठ पोरंपोरी, एक झेरॉक्सवाला आणि एक सायकल. 'लहान मुलांच्या आरोग्याशी चाललेला खेळ थांबवा' हे वाक्य माझंच. मी घरी पत्रकं घडी घालत बसायचे आणि थोरली मदतीला यायची. दहा-बारा घड्या झाल्या की गठ्ठ्यावर डोकं टेकून झोपायची. मी तिच्या डोक्याखालून कागद अलगद ओढून घ्यायचे, चुरगळू नयेत म्हणून.

मग शाळेतून बोलावणं आलं. वहिनीसोबत मी गेले. बाई चिडक्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "वर्गात बसल्या बसल्या झोपती ही. रात्री मोबाईल देता का?"

"न्हाई मॅडम. आठला झोपती ती. दहा दहा घंटे झोपती."

"दहा घंटे झोपून परत झोप?" बाईंनी वहीची पानं उलटली. "मंग राग मानू नका, पण डोकं जरा कमीच असंल. पुढच्या वर्षी बघू."

त्याच आठवड्यात पोरीनं दोनदा अंथरूण ओलं केलं होतं. घरी आल्यावर त्याचाही हिशेब झाला, दोन धपाटे. पोरगी रडली आणि रडता रडता झोपली.

त्यानंतरचा रविवार. भाऊ रातपाळी करून आलेला, भिंतीकडं तोंड करून पडलेला. दोन्ही पोरी त्याच्या बाजूला. मी दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात कागद घेऊन बसलेले, वहिनी पडवीत कांदा चिरत होती. थोरलीचं घोरणं चालू होतं आणि मध्येच थांबलं.

"झाली बाई शांत," वहिनी पडवीतून म्हणाली.

हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. रोजचंच होतं. घोरणं चढत जायचं, मग तुटायचं, आणि घरातलं कोणी ना कोणी म्हणायचं, झाली शांत. त्यावर आम्हीही कूस बदलायचो. त्या दिवशी कागद संपले होते म्हणून मी तिच्याकडं बघितलं. मान मागं टाकलेली, कपाळावर घाम. बरगड्यांखालचा खळगा आत ओढला जात होता, सुटत होता, परत ओढला जात होता. आवाज नाही. मी नाकाखाली बोट धरलं. काही लागलं नाही. मी मनात आकडे म्हणायला लागले. चौदाला तिचं अख्खं अंग झटका बसल्यासारखं हाललं, घशातून एक घरघर आली आणि घोरणं परत सुरू झालं.

मी वहिनीला आत बोलावलं. म्हटलं, काही बोलू नका, फक्त थांबा. थोड्या वेळानं परत तसंच तुटलं.

"शांत झोपली की, ताई."

"नाकाला हात लावा."

तिनं लावला. कांद्याचा ओला हात, लेकीच्या नाकासमोर. ती आधी माझ्याकडं बघत होती, मग पोरीकडं, मग तिनं पोरीला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हालवलं. पोरगी उठून बसली. "शाळा हाय का?" एवढंच विचारलं.

भाऊ जागा झाला, वैतागला. "दुपारचं तरी झोपू द्या." मी सांगायला लागले तर म्हणाला, "ताप न्हाई, खोकला न्हाई. घोरती तर घोरती. आपला बाप घोरायचा, मी घोरतो. मेलो का?"

"बापाच्या उशाशी भट्टी नव्हती. बाप गावाकडं, धावड्याला, शेतातल्या वाऱ्यात झोपायचा."

"हे बघ, मला पत्रक वाचून दाखवू नको."

त्याचं बराबर होतं. पत्रक त्यानं का वाचावं? त्याच भट्टीवर आमची चूल पेटते. म्हणून मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पोरगी झोपल्यावर मोबाईलवर चित्रण केलं आणि तो जेवायला बसला तेव्हा ताटाशेजारी ठेवलं. घोरणं आलं, थांबलं. भावानं घास तसाच धरला. नकळत त्यानंही श्वास धरला होता. भट्टीपुढं उभा राहणारा, छातीचा भक्कम माणूस. त्याचा श्वास आधी सुटला. पोरीचा त्यानंतर.

घास ताटात ठेवून तो म्हणाला, "सकाळी चला."

दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घोरते का?"

"घोरती म्हणजे?" भावाची जुनी सवय. "सगळी गल्ली ऐकती."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चित्रण दोनदा बघितलं, पोरीचा घसा बघितला, एक्स-रे फोटो काढायला पाठवलं. मग समजावून सांगितलं. नाकाच्या मागं मांस वाढलंय, घशातल्या गाठी मोठ्या झाल्यात. झोपेत वाट बंद होते. श्वासासाठी पोरगी सारखी अर्धी जागी होते आणि तिलाच ते कळत नाही. "दहा तास अंथरुणात असते, पण झोपलेली नसते. वर्गात झोपणार नाही तर काय करणार?"

"कशानं झालं?" मी विचारलं. मला एकच शब्द हवा होता आणि तो त्यांच्या सहीनं कागदावर हवा होता.

"सारखी सर्दी, धूळ, धूर. एकच कारण मी लिहून देऊ शकत नाही." मग भावाकडं वळून, "घरात काय जाळता?"

"काहीच न्हाई. गॅस हाय."

"डासांची कॉइल?"

वहिनी म्हणाली, "एकच लावतो."

"खिडकी उघडी असते?"

"पोतं लावलंय."

मला राग आला, आणि तो आजही उतरलेला नाही. पोतं कोणाच्या हौसेनं लागलं? ते काजळीमुळं. कॉइल कशामुळं? गटारीमुळं, आणि गटार उघडी का, ते शहराच्या कारभाऱ्यांना विचारा. पण पेटवणारा हात आमचाच होता. दुकानातून ती आणायचेही मीच.

भावानं विचारलं, "मांस काढलं तर परत येणार न्हाई ना?"

"येऊ शकतं. त्याच हवेत झोपणार असेल तर."

"मंग झोपायचं कुठं, साहेब?"

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख लिहून दिली.

ती तारीख सर्दीमुळं एकदा पुढं गेली. तोवर वहिनी बसून झोपायला शिकली, एक हात पोरीच्या छातीवर ठेवून. ऑपरेशन झालं. आता थोरली तोंड मिटून झोपते. वर्गात जागी असते आणि बाईंची नवी तक्रार आहे की फार बोलते. आम्ही कॉइल बंद केली, मच्छरदाणी आणली. पोतं मात्र काढता आलं नाही. काढलं त्या दिवशी संध्याकाळी उशीवर बोट फिरवलं तर बोट काळं. सरकारी कार्यालयात धुराबद्दल अर्ज दिला. पोच मिळाली.

मी नवीन पत्रक काढलं. वर एकच ओळ, 'तुमचं लेकरू घोरतं का?' दारोदार गेले. बाया हसायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगं, न घोरणारं असलं तर विचार. जल्दी काम होईल तुझं." मागून कोणीतरी आपल्या नातवाच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली. घोरणं, मग तुटणं, मग झटका. अगदी हुबेहूब. सगळ्या पोट धरून हसल्या.

परवा दुपारी मी पडवीत पुढच्या गल्लीची यादी करत होते. वहिनी दारात आली. पायात चप्पल घातलेली, काखेत दवाखान्याची फाईल, कडेवर धाकटी झोपलेली.

"ताई, ऐका जरा," ती म्हणाली, आणि पोरीचं तोंड माझ्या कानाशी धरलं.